खड्डा काकांचा, गादी भाच्याची

ज्याने गादी शिवली त्यानेच ती जुनी झाल्यावर परत घ्यायची, असा नवा नियम निघाला आणि गादीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. तीस वर्षांत त्याने अर्ध्या गावाला झोपवलं होतं. तेवढा कापूस आता दोन खोल्यांच्या दुकानात कोंबायचा कुठे?

पण गडी हार मानणारा नव्हता. पहिल्याच सकाळी लोकांनी दारात गाद्या आणून टाकल्या, तसा तो प्रत्येक गादीभोवती फिरला, शिवण चाचपली, नाक लावून हुंगलं आणि कानांवर हात ठेवले.

"हा टाका माझा नव्हे."

"असा वास आमच्या कापसाला येतच नाही."

दुपारपर्यंत सात माणसं रस्त्याकडेला आपापल्या गादीवर बसून त्याच्या नावाने बोटं मोडत होती. एक तर आडवा होऊन घोरायलाही लागला होता.

आठवी आली ती त्याची सख्खी मावशी, हातगाडीवर गादी लादून.

"घे बाबा तुझी वस्तू."

"मावशी, ही माझी नाहीच. माझ्या गादीला असा खड्डा पडत नाही."

"खड्डा तुझ्या काकांचा आहे. गादी तुझी."

बघ्यांत हशा पिकला. गादीवाला इरेला पेटला. "माझा कापूस पांढराशुभ्र असतो! थांब, उसवूनच दाखवतो." त्याने कात्री घातली, कोपरापर्यंत हात खुपसला आणि बाहेर काढला तो एक चष्मा. एका काडीला लाल दोरा गुंडाळलेला.

आत मशीनवर बसलेली बायको उठून दारात आली.

"अहो, हा तर तुमचाच. माझ्या भावाने पळवलेला."

एकवीस वर्षं तिचा भाऊ या घरात 'चष्मेचोर' होता. गादीवाल्याने घाईघाईने चष्मा डोळ्यांवर चढवला, बहुधा तोंड लपवायला.

"आमचीही उसवा!" सातही जण ओरडले. घोरणारासुद्धा जागा झाला होता. मग एकेका गादीतून निघू लागलं: मोजायची टेप, अर्धा कंगवा, शिवणकामाचा खडू. शेवटच्या गादीतून स्टीलचा चमचा निघाला, तेव्हा बायकोने कमरेवर हात ठेवले. "आणि मी मोलकरणीला बोलले होते!"

आता नाकारायचं काय, कपाळ? गादीवाल्याने आठही गाद्या निमूट आत ओढल्या. दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही; बायको कापसावरून डुगडुगत मशीनपर्यंत पोचली आणि तिथूनच म्हणाली, "आधी माझ्या भावाला फोन लावा."

गादीवाल्याने लावला. चाचरत, खाकरत सगळं कबूल केलं. मेव्हण्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"जाऊ द्या दाजी, झालं गेलं विसरून जाऊ. उद्या येतोच मी तिकडे."

"ये ना! घर तुझंच आहे."

"टेम्पो करून येतो. आमच्याकडे तुमच्या चार गाद्या आहेत."