महोत्सवाच्या घरची खिरापत

भुलाबाईला मंचावर चढवायला जिना अरुंद पडला, तेव्हाच हर्षाचं डोकं उठलं होतं.

मातीची भुलाबाई, म्हणजे माहेरी आलेली पार्वती, मातीचा भुलोबा, म्हणजे तिचा शंकर, आणि दोघांच्या डोक्यावर ज्वारीच्या हिरव्या धांड्यांचं मखर. हर्षाची रुखमा मावशी आणि तिच्या गावच्या बाया हे सगळं मौद्याकडून टेम्पोत मांडीवर धरून घेऊन आल्या होत्या. हर्षानं फोनवर दहादा सांगितलं होतं, "मावशी, मूर्ती आणू नको. मागच्या मोठ्या पडद्यावर फोटो दाखवू आपण."

"फोटोसमोर काय गाऊ वं? फोटो काय माहेरी येते का?"

महोत्सव जगभरच्या संगीताचा, नाचाचा, कलांचा. शहरातल्या सदर वस्तीपलीकडच्या मैदानावर उघड्या आभाळाखाली भरलेला. कोण केव्हा मंचावर चढणार आणि केव्हा उतरणार, हे पाहणं हर्षाचं काम. पोळ्यापासून ती गिरिधर सरांच्या मागं लागली होती, की सर, जगभरचं सगळं आहे, भुलाबाईची गाणी का नाहीत? सर महोत्सवाचे प्रमुख. शेवटी वैतागून म्हणाले, "पंधरा मिनिटं घे. पण त्या वेळेत उतरल्या नाहीत, तर पुन्हा गावाकडचं एकही नाव माझ्यासमोर आणायचं नाही. मंजूर?"

हर्षानं मंजूर म्हटलं होतं. मावशीलाही सगळं नीट सांगितलं होतं. मावशीनं "हो वं पोरी, हो" म्हटलं होतं. मावशीचं हो म्हणजे ऐकलं एवढंच, हे लहानपणापासून ठाऊक असूनही हर्षा विसरली.

उद्यावर कोजागिरी. कोराडीच्या वीजकेंद्राच्या बाजूचं आभाळ धुरानं नेहमीसारखं राखाडी, पण पूर्वेला चंद्र चांगला वर आलेला. बायांनी मूर्तीभोवती फेर धरला. टिपऱ्या वाजू लागल्या. रुखमाबाईनं गळा सोडला, तसा ध्वनियंत्रणेवरचा माणूससुद्धा मोबाइल खाली ठेवून ऐकू लागला.

ज्वारी आली निसव्याला, बाई, दाणा कोणी मोजावा,
माहेरच्या वाटेवरचा काटा कोणी काढावा...

तो आवाज काही गोड नव्हता. तण निंदायला वाकलेल्या बाईनं पिकाच्या ओळीच्या दुसऱ्या टोकाच्या बाईला हाक मारावी, तसा होता. पण त्यात शेतावरचा वारा होता. खुर्च्यांवरची माणसं पुढं सरकून बसली. हर्षानं घड्याळ पाहिलं. गाणं अगदी वेळेत संपलं. टाळ्या झाल्या. तिनं विंगेतून हात केला, की या आता.

बाया उतरल्या नाहीत. त्यांनी पदर सावरले आणि मूर्तीसमोर मांडी घालून खाली बसल्या. रुखमाबाई माइकमध्ये म्हणाली, "आता खिरापत आणा."

हर्षा वाकून जवळजवळ रांगतच मंचावर गेली. "मावशी, उठ. वेळ संपली."

"खिरापतीबिगर कोणी उठते का? गाणं झालं का घरच्या बाईनं झाकला डबा आणायचा, वाजवून दाखवायचा, आम्ही ओळखायचं. तू काय इलायतेत वाढली?"

"इथं घर कुठं आहे? मैदान आहे हे!"

"बोलावलं कोणी आमाले?"

"मी."

"मंग घर तुह्यंच. जा, डबा आण."

बाकीच्या बायांनीही माना डोलावल्या. त्यांच्यातली यमुताई हळूच म्हणाली, "काही पण चालते वं, मुरमुरे असले तरी."

कानातल्या यंत्रात गिरिधर सर खेकसले, "हर्षा, त्या उतरत का नाहीत?"

"सर, त्या खाऊची वाट पाहून राहिल्या."

"काय?"

"खाऊ, सर. एक मिनिट द्या."

ती खाण्याच्या दुकानांकडे धावली. जिलबीसमोर रांग. तर्री-पोह्यांसमोर त्याहून मोठी रांग. संत्रा बर्फीवाला म्हणाला, आधी तिकडून कुपन घ्या, आणि कुपनच्या खिडकीत कोणीच नव्हतं. फक्त पिझ्झावाल्याच्या दुकानात शांतता होती, कारण त्याची भट्टी बंद पडली होती. हर्षानं पिशवीतून आपला जेवणाचा डबा काढला, त्यातली पोळीभाजी पत्रावळीवर उलटी केली, डबा पाण्यानं विसळून त्याच्यापुढं धरला. "दादा, जे असेल ते टाका!" त्यानं मूठभर टाकलं. हर्षानं न बघताच झाकण लावलं.

मंचावर येऊन तिनं डबा ओढणीखाली धरून हलवला. आतून ओलसर टपटप आवाज आला.

रुखमाबाईनं डोळे मिटून ऐकलं. "लाडू नोहे. बोरं?"

"नाही." आपण कशाला नाही म्हणतोय हे हर्षालाच नक्की माहीत नव्हतं. तिनं झाकण किलकिलं करून पाहिलं, आणि लगेच पुन्हा दाबलं. काळे ऑलिव्ह. या बायांनी जन्मात पाहिले नसणार.

"जांभळं?" यमुताई म्हणाली.

"जांभळं आता कुठी, बाप्पा! आवळा?"

"नाही वं मावशी. सांगून टाकू का मी?"

"खबरदार सांगशीन तं!"

आता समोरची गर्दीही ओरडू लागली. गुलाबजाम! द्राक्षं! पनीर! एकानं मागून सावजी मटण म्हटलं, तर बायांमधल्या प्रेमिलानं त्याला बसल्या जागेवरून डोळे वटारले. पुढच्या कार्यक्रमाचे सेनेगलचे ढोलवाले ढोल गळ्यात अडकवून विंगेत उभे होते. त्यांचाही एक अंदाज झाला, पण तो कोणाला कळला नाही. हर्षानं मावशीच्या कानाशी तोंड नेलं. "हारलो म्हण ना. हारलो म्हटलं की उघडता येतो डबा. पाया पडतो तुह्या."

"मी? साऱ्या गावाले इचार, रुखमा कधी हारली का?"

तेवढ्यात गिरिधर सर स्वतः विंगेत आले. माइक चालू होता, त्यामुळं त्यांचा आवाज सगळ्या मैदानावर गेला. "हर्षा, शब्द तू दिला होतास. आता या ढोलवाल्यांना तूच सांग, त्यांचा वेळ कुठं गेला ते."

हर्षा डबा पोटाशी धरून, मान खाली घालून उभी राहिली.

रुखमाबाईनं तिच्याकडे पाहिलं. मग सरांकडे. मग पुन्हा तिच्याकडे.

"हारलो," ती म्हणाली.

यमुताईनं चमकून विचारलं, "काय म्हणली?"

"हारलो म्हणलं न! बहिरी झाली का? उघड वं पोरी डबा."

झाकण निघालं. रुखमाबाई आत डोकावली आणि माइकमध्येच म्हणाली, "हे काय होय? बकरीच्या लेंड्या चारून राहिली का आमाले?"

मैदान हसून लोळलं. पण खिरापत ती खिरापत. बायांनी एकेक उचलून कपाळाला लावला, तोंडात टाकला, तोंडं वाकडी केली आणि भुलाबाईला उचलून जिन्यावरून आडवं-तिरपं उतरवलं. वर ढोल घुमू लागले.

मागं टेम्पोपाशी हर्षाचा बांध फुटला. "एवढं सांगितलं होतं तुले! आता सर कधीच नाही घेणार गावाकडच्या कोणाले."

मावशी मखराचं वाकलेलं धांडं सरळ करत राहिली.

गिरिधर सर आले. कपाळावर आठ्या तशाच. "लोक हसले म्हणून मी हसणार नाही. माझं वेळापत्रक बिघडलं." मग म्हणाले, "पुढच्या वर्षी मोठा मंच नाही. त्या झाडाखालचा लहान मंच, दुपारची वेळ. खिरापत-बिरापत काय असेल ती तिथं करा." आणि निघून गेले.

हर्षाला रडावं की हसावं कळेना. तिनं मावशीचे दोन्ही खांदे धरले. "ऐकलं का? बोलावलं आहे! पुढल्या वर्षी, दुपारी!"

"दुपारी?" रुखमाबाईनं धांडं सोडलं. "दुपारी कशी येईन वं? दुपारी भुलाबाई निजते."

हर्षानं डोळे मिटले. उघडले. मग गर्दीतून सरांच्या पाठमोऱ्या सदऱ्यामागं धावत सुटली. "सर! सर, एक मिनिट!"