कॉलरवालीचा थैला

मी थैला बोलतोय. हसू नका. थैल्यालाही तोंड असतं, फक्त तुमच्याइतकं उठसूट उघडत नाही.

माझा जन्म शर्टांच्या कारखान्यातला. खिशांचं उरलेलं कापड जोडून मला शिवलं. तिथे बायांना नावानं कोणी हाक मारत नाही. काजं करते ती काजवाली, कपडे दाबते ती इस्त्रीवाली मावशी. या दोघींनीच मला शिवलं, ते कॉलरवालीसाठी. ती तुरुंगात गेली होती ना.

ही कॉलरवाली भर उन्हाळ्यातही गळाबंद कॉलरचं झंपर घालून यायची म्हणे. बाया चिडवायच्या, "काय गं, मानेला थंडी वाजते का?" तीही हसायची. कॉलरीखाली काय आहे, ते सगळ्यांना ठाऊक होतं. मला कसं कळलं म्हणता? दोन बाया थैला मांडीवर घेऊन बसमध्ये बसल्या की काय कळायचं राहतं!

एका दुपारी नवऱ्यानं तिचा गळा धरला तो सोडेना. तिच्या हाती कात्री लागली. तो मेला. तिला चौदा वर्षांची शिक्षा झाली.

तेव्हापासून दर महिन्याला माझी फेरी. फाटकावरची शिपाईबाई मला उलटा करून झटकते, साबण मधोमध कापून बघते, शिवणीत बोटं घालते. एकदा मी मुद्दाम एक सुटा दोरा तिच्या अंगठीत अडकवला. पाच मिनिटं ती मला सोडेना, मी तिला सोडेना! मागची रांग खो-खो हसली. त्या रांगेत हसू येतं ते एवढंच.

पाचव्या वर्षी वकीलबाई म्हणाल्या, "शिक्षा कमी करायचा अर्ज करू. तुम्ही जे पाहिलंत ते लिहा." दोघींनी लिहिलं, पाकिटं डिंकानं घट्ट चिकटवली आणि वकीलबाईंना न दाखवताच तुरुंगाच्या कचेरीत दिली. मला अक्षरं अर्धीमुर्धीच येतात, पण पोटातला कागद मी सोडतो होय? लिहिलं होतं, 'फार सोशिक बाई. संसार सुखाचा. घरातला आवाज कधी दाराबाहेर आला नाही.'

जन्मभर दुसऱ्याच्या घरावर पांघरूण घालायची सवय. इथेही घातलं. अर्ज फेटाळला. कारण दिलं, 'मैत्रिणींच्या पत्रांवरून घरात त्रास होता असं दिसत नाही.'

भेटीच्या जाळीपाशी मावशी रडायला लागली. "आम्हाला वाटलं गं, तुझी अब्रू..."

"अब्रू आत आणू देत नाहीत, मावशी," कॉलरवाली म्हणाली. "इथे साबणसुद्धा कापून मिळतो. आणि तुमचं काय चुकलं? जिन्यावरून पडले, असं मीच सांगत होते की तुम्हाला." मग हळूच म्हणाली, "अजून एकदाच अर्ज करता येतो."

काजवाली जाळीकडे बघेना. तिच्या आणि कॉलरवालीच्या घरांत भिंत एकच. "मला सगळं ऐकू यायचं," ती म्हणाली. "मी शिलाई मशीन जोरात चालवायचे. आता हे लिहिलं तर लोक विचारतील, तेव्हा का गप्प बसलीस?"

"विचारू देत. मला तर रोज विचारतात, तेव्हाच का निघून गेली नाहीस?"

काजवालीनं लिहिलं. भिंत, मशीन, कॉलर, सगळं. तेव्हापासून तिच्या गल्लीत तिच्याशी कोणी धड बोलत नाही. चार वर्षं कमी झाली. पाच अजून राहिली. मावशीनं आनंदानं टाळीसाठी हात उचलले आणि ते तसेच हवेत राहिले.

आता माझं बूड विरलंय. शिपाईबाईची खोडी काढायलाही जोर नाही. पाच वर्षं टिकेन, असं कुणाला सांगत नाही.

परवाच्या भेटीत काजवाली म्हणाली, "भिंतीपलीकडे, तुझ्या घरात, नवीन जोडपं आलंय. मंगळवारी आवाज आला. मी जाऊन दार वाजवलं."

कॉलरवालीनं जाळीत बोटं रोवली. "उघडलं?"

"नाही. पण आतला आवाज थांबला."

"मग परत आला की परत वाजव."

आयुष्यभर सगळ्यांची टिंगल केली मी. त्या दिवशी मात्र निमूट घडी होऊन घरी आलो. माणसांनो, तुम्हीही दार वाजवत जा. माझ्यासारखे थैले शिवायची वेळ आणू नका.