दारातलं टेंगूळ

मी एक जुनी कोब्याची जमीन आहे, मित्रांनो. घाईघाईने सांगते, कारण थोड्याच वेळात माझ्यावर व्हिनाइलची प्लास्टिकसारखी चादर अंथरतील आणि मग माझा आवाज

थांबा. खरवडतायत.

हं. नवी होते तेव्हा मी आरशासारखी होते. या घरातले आजोबा पाहुण्यांना चपला काढायला लावून मला दाखवायचे. पुढे कपाटं सरकली, माझे पोपडे निघाले आणि कौतुक आटलं.

गेल्या महिन्यात आजोबा माझ्यावरच पडले. खुबा मोडला. आज ते दवाखान्यातून घरी येतायत. पाय उचलत नाहीत, नुसते सरकवतात. पुन्हा पडले तर उठायचे नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलंय.

म्हणून ही धावपळ. कारागिराने माझे खड्डे भरले, वाळल्यावर घासले, धूळ टिपली. सपाटी बघायला लांब पट्टी खोलीभर फिरवली. बाथरूमच्या दारात मात्र पट्टी मावेना. तिथेच खड्डे भरायचा मसाला सांडून, वाळून टेंगूळ झालंय. मला ठाऊक आहे. ओरडता येत नाही.

गोंदाचा डबा उघडला.

"आई, कुठे निघालात?" सुनेने विचारलं.

"ह्यांच्यासारखं चालून बघते." आजींनी चपला काढल्या.

"अहो आजी, मी गोंद लावायला घेतलाय!" कारागीर म्हणाला.

"लाव की. मी तुझ्यापुढे चालते."

कंबर वाकवून, कण्हत, पाय फरफटत त्या निघाल्या.

"आता आमच्यावर खेकसूनही दाखवा," सून म्हणाली.

मागून गोंद येत होता. खिडकी. कपाट. दार.

अंगठा अडला. आजी पुढे झेपावल्या. सुनेने दंड धरला म्हणून वाचल्या.

कुणी हसलं नाही.

"खोलीत पट्टी फिरवली होती मी..."

"आणि रात्री उठून ते जातात कुठे रे?"

कारागिराने खरवडायचा पत्रा उचलला. टेंगूळ उडवलं, घासलं, तळहात फिरवून पाहिला.

मग गोंद, वर व्हिनाइल आणि अंधार.

सर्र, टक. सर्र, टक. वॉकर येतोय. दाराकडेच. मित्रांनो, जमीन झाकण्याआधी तिच्यावरून एकदा अनवाणी चाला. घरात ज्याचे पाय सगळ्यात थकलेले, अगदी त्याच्यासारखं चाला. कारण एकदा झाकलं की

सर्र.

"रंग कसला हा? खोकल्याच्या औषधासारखा!"

आवाज वरून आला. उभ्या माणसाचा.