आईला धरायची जागा

आई आता जमिनीवर राहत नाही. हात सोडला की सावकाश वर जाते आणि सिलिंगला टेकते. बाबा गेले तेव्हापासून हे सुरू झालं. पंखा आम्ही केव्हाच उतरवलाय आणि खिडक्या बंद ठेवतो, कारण एक उघडी राहिली की आई गेलीच. मी तिला दंडाला धरते, कमरेला धरते, पण ती निसटते. तिला सांभाळायला येणाऱ्या साळवे सिस्टरांच्या मात्र एका हातात ती छान राहते, दुसऱ्या हातात तिच्यासाठी बिनसाखरेचा चहा असतो. आणि सिस्टर त्या दिवशी आमचं काम सोडून दुसऱ्या पेशंटकडे जाणार होत्या.

"धरता कुठे हो तिला?" मी विचारलं.

"काय सांगू ताई, हात आपोआप लागतो. बघायला गेलं की सुटतो."

म्हणून मी लॅबमधून जड पाणी आणलं. माझी नोकरीच ती आहे. औषध शरीरातल्या प्रथिनाला नेमकं कुठे धरतं, ते मी शोधते. जड पाणी दिसायला साधंच, फक्त वजनाला किंचित जास्त. प्रथिन औषधासकट त्यात ठेवलं की सगळीकडे ते मुरतं, धरलेल्या जागी मुरत नाही. मग गार आणि आंबट करून तुकडे पाडायचे, वजन करायचं. जो हलका भरला, ती जागा. इतकं सोपं आहे, तरी साहेब लोकांना समजावताना जीव जातो.

सिस्टरांनी आईला टबात बसवलं आणि धरून ठेवलं.

"गार आहे मेलं," आई म्हणाली आणि तोंड फिरवून बसली.

पाणी मुरल्यावर मी बर्फ टाकला, लिंबं पिळली. आई अलगद तुकड्यातुकड्यांनी सुटी झाली. हाताची ऊब लागली तर मुरलेलं पाणी निघून जातं, म्हणून लोकरीचे हातमोजे घालून मी एकेक तुकडा काट्यावर ठेवला. तिला नुसत्या हाताने कुरवाळावंसं फार वाटत होतं.

"खांदा हळू ठेव. आधीच आखडलाय," आई म्हणाली.

"बोलू नकोस, काटा हलतो."

सगळी आई जड भरली. हलके दोनच तुकडे निघाले, कपाळ आणि डावा गुडघा. एका हातात हे दोन्ही कसे येणार? ऊब देऊन तिला पुन्हा जुळवलं, एक हात कपाळावर ठेवला, एक गुडघ्यावर. आई निसटून वर गेली.

"लागलं का गं?"

"नाही. तू कशाला रडतेस?"

तेवढ्यात सिस्टरांनी चहाचा कप वर केला. साखर नाही म्हटल्यावर आईने सिलिंगलाच पाय पोटाशी घेतले आणि गुडघ्यावर कपाळ टेकलं. ती रुसली की अशीच बसते. बाबा तिथे तळवा ठेवायचे, कपाळ आणि गुडघा दोन्ही त्याखाली यायचे, आणि "चल, पुरे आता" म्हणायचे. बाबा गेल्यापासून मी तिला एका शब्दाने दुखवलं नव्हतं. मला वाटायचं, मी चांगली मुलगी आहे.

सिस्टरांनी आईला खाली आणलं, घड्याळाकडे बघितलं. "ताई, घ्या लवकर." त्यांचा हात निघताच आई सैल झाली.

मी घाईने म्हणाले, "आई, बाबांना तुझी आमटी कधीच आवडली नाही."

आईने माझ्याकडे पाहिलं. मग पाय ओढून घेतले, कपाळ टेकलं. मी तळवा ठेवला. ती माझ्या मांडीवर टेकली, वजनाला पूर्वीइतकीच भरली. मला फार बरं वाटलं.

सिस्टर गेल्या. जाताना गॅलरीचं दार त्यांच्याकडून उघडंच राहिलं. हात काढला तर आई सुटेल, म्हणून मला उठता येत नव्हतं.

"खोटारडी," आई गुडघ्यातून म्हणाली. "भुरके मारून प्यायचे."

"नाही आवडायची."

"वाटी चाटायचे गं."

"मुळीच नाही," मी म्हणाले.

तळव्याखाली तिचं कपाळ हललं, गुडघ्यावरून किंचित सुटलं. आईला हसू यायला लागलं होतं.