कागदाची कावीळ

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. बाबांनी एका बाईच्या तोंडावर टॉर्च मारला आणि सगळे हळहळले. चेहरा, डोळे, सगळं पिवळं!

"हा देहातला मळ! आता बघा दिव्य तेज!" बाबा गरजले आणि त्यांनी दुसरा टॉर्च पेटवला. बाईचे डोळे पांढरेशुभ्र! टाळ्यांनी छप्पर उडायचंच बाकी राहिलं. सात बैठका करायच्या, डॉक्टर बंद करायचा, की कावीळ पळालीच म्हणून समजा.

टॉर्च बनवणारा कारागीर मागच्या रांगेत बसला होता. शेजारी त्याची धाकटी बहीण, त्याच्या खांद्यावर मान टाकून. तिची आज सातवी बैठक. तो मात्र आज पहिल्यांदाच सोबत आला होता आणि बाबांच्या हातातले टॉर्च निरखून पाहत होता. पहिल्यात पिवळसर एलईडी होता, दुसऱ्यात निळसर. असल्या एलईडींचा उजेड पांढऱ्या कागदावर पाडून कुठला बरा ते ठरवणं, हेच तर त्याचं रोजचं काम.

खिशातला कोरा कागद काढून तो तडक मंचावर चढला.

"बाबा, जरा यावर मारा."

"मूर्खा, निर्जीवाला तेज काय कळणार?"

"मग घाबरता कशाला?" त्याने बाबांनी टेबलावर ठेवलेल्या टॉर्चपैकी पहिला उचलून पेटवला. कागद पिवळा पडला. "घ्या, कागदालाही कावीळ!" मग दुसरा पेटवला. "आणि हा बराही झाला, एका बैठकीत!"

लोक खो खो हसले. त्याला हसू आलं नाही.

"पिवळसर उजेडात धडधाकट माणूसही पिवळा दिसतो," तो म्हणाला. "निळसर झगझगाटात खरा पिवळेपणाही लपतो. रोग आहे तिथेच राहतो." त्याने बहिणीला धरून दारात, उन्हात आणलं. तिचे डोळे पिवळेजर्द होते. बाबा मागच्या दाराने केव्हाच पसार झाले होते.

"पण दादा," ती क्षीण आवाजात म्हणाली, "तुझ्या दुकानात तर माझे डोळे पांढरे दिसले होते ना?"

दिसले होते. पंधरा दिवसांपूर्वी तिने विचारलं, तेव्हा त्याने बाकावरच्या दिव्याखाली पाहून "झालीस की गं बरी!" म्हणून सांगितलं होतं. तो दिवाही निळसरच होता. जन्मभर एलईडी पारखणाऱ्याला तेवढं सुचलं नाही. त्याला रडू आवरेना.

"थोडं आधी आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. नवव्या दिवशी ती गेली.

आता दुकानात टॉर्च घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगतो, "डोळे बघायचे तर दिवसा, उन्हात बघा. रक्त तपासून घ्या. आणि कुणी औषध सोडायला सांगितलं तर का, ते विचारा. माझ्या बहिणीसाठी मी ते वेळेवर विचारलं नाही."