एंगेलबर्ट म्हणाला, बांधा

वाल्बुर्गा शेडलरनं लाल छत्री उंच धरली आणि राजधानी फाडुत्सच्या भर रस्त्यात उभं राहून वरच्या कड्याकडे बोट दाखवलं.

"तो राजेसाहेबांचा वाडा. आत जाता येत नाही. का, म्हणून विचारू नका. मी न बोलावता तुमच्या घरात शिरले तर चालेल तुम्हांला?"

बसभर डच पाहुणे हसले. हा विनोद ती कित्येक वर्षं करत आली होती आणि तो अजून एकदाही पडला नव्हता. बुर्गाचा आवाजच तसा. तिनं सांगितलं की आज ऊन पडणार, तर ढगसुद्धा चार पावलं मागे सरतील, असं गावात म्हणत.

पाहुणे फोटो काढायला पांगले तेवढ्यात तिचा फोन वाजला. मेनराड होता. गावाची सगळी गुरं उन्हाळाभर वरच्या कुरणावर राखणारा गुराखी. आज तो ती फुलांनी सजवून, मिरवत खाली आणणार होता.

"बुर्गा, दुधात फ्लोरा पहिली," तो म्हणाला.

बुर्गा कारंज्याच्या कठड्यावर बसली. उठली. परत बसली.

फ्लोरा तिची गाय. ज्या गाईनं उन्हाळ्यात सगळ्यांत जास्त दूध दिलं, तिच्या कपाळावर उतरताना लाकडी बदाम बांधतात. पत्त्यातल्या बदामासारखा लाल, परातीएवढा. नंतर तो मालकाच्या गोठ्याच्या दारावर लागतो आणि पाऊस-बर्फ खात पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहतो. बुर्गाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोर एंगेलबर्ट गासनरचा गोठा दिसायचा. त्याच्या दारावर बदामांची रांगच होती. तिचं दार कोरं. बापाच्या वेळीही कोरं, आज्याच्या वेळीही कोरं. बाप मरायला टेकला तेव्हा त्यानं शेतीचं विचारलं नाही, पोरीचं विचारलं नाही. यंदा बदाम कुणाला, एवढंच विचारलं. दर वर्षी एंगेलबर्ट कुंपणावर कोपर टेकून म्हणायचा, "बुर्गा, दाराला निदान रंग तरी दे गं. फार मोकळं दिसतं." आणि ती म्हणायची, "तुझ्या दाराला भोकं फार झालीत, एंगेलबर्ट. थंडीत गाई खोकतील." दोघं हसायची. मग ती घरात येऊन भांडी जरा जोरातच आपटायची.

"मेनराड, परत सांग," ती म्हणाली.

"फ्लोरा पहिली. ते परवाच ठरलं होतं. पण दुसरं ऐक. एंगेलबर्टची ब्लेस गाय गेली. काल संध्याकाळी धुक्यात पाय घसरला तिचा. खाली खडकांवर. काही उरलं नव्हतं करण्यासारखं."

बुर्गानं छत्री मिटली.

"अरे देवा. एंगेलबर्टला कळलं?"

"रात्रीच वर आला होता. आता फुलांचं बोल. तो म्हणतो, बांधा. बाकीचे म्हणतात, बदाम जिचा तिला विचार. मला सजवायला वेळ लागतो, काय ते आत्ता सांग."

पाहुणे वाड्याकडे पाठ करून, हात उंचावून स्वतःचेच फोटो काढत होते. ही माणसं दोन दिवस बसनं प्रवास करून आली होती ती फुलं बघायला. बुर्गाला पाहुण्यांची आठवण झाली, हे खरं. पण आधी आठवलं ते दार, हेही तितकंच खरं.

"एंगेलबर्ट स्वतः म्हणाला?"

"स्वतः."

"मग बांध."

पलीकडे मेनराड म्हणाला, "बांधतो," आणि फोन ठेवला.

बाल्झर्स गावच्या गढीखाली बस थांबली तेव्हा बुर्गा चांगलीच रंगात आली होती. गढी बांधणारे, जाळणारे, परत बांधणारे, सगळ्यांना तिनं असं वागवलं की जणू शेजारचेच. मग ती आजच्या मिरवणुकीकडे वळली. गाई कशा येतात, फुलांचे मुकुट किती उंच असतात, बदाम कुणाला मिळतो. इथे ती दर वर्षी एक वाक्य घालायची: वर काही वाईट घडलं, गाय गेली किंवा माणूस गेलं, तर गुरं बिनफुलांची, मुकाट्यानं उतरतात. पाहुण्या बायका हे ऐकून चुकचुकायच्या. आज तिनं ते वाक्य गाळलं आणि थेट गढीखालच्या द्राक्षमळ्यावर आली.

ड्रायव्हर फ्रीडोलिन तिच्याच गावचा. बसच्या पायरीवर बसून तो सफरचंद कापत होता. त्यानं मान वर केली.

"काय?" बुर्गानं विचारलं.

"कुठे काय."

"एंगेलबर्ट स्वतः म्हणाला, बांधा."

"म्हणाला असेल," फ्रीडोलिन म्हणाला आणि एक फोड तिच्यापुढे धरली. तिनं घेतली नाही.

देश एवढा की सकाळी एका टोकाला शिंकलं तर जेवायच्या आत दुसऱ्या टोकाहून विचारपूस येते. बस वळणं घेत तिच्या गावी, ट्रीझनबर्गला, चढली तोवर गावात सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. हेडविगच्या खाणावळीत पाहुण्यांपुढे चीजमधल्या पिठाच्या गोळ्या आणि सफरचंदाचा मुरंबा आला. बुर्गा नेहमीसारखी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. हेडविग तिची शाळेपासूनची मैत्रीण. एकमेकींची उणीदुणी काढण्यात दोघींचं आयुष्य गेलेलं.

"अभिनंदन," हेडविग म्हणाली. हात कढईतच.

"एवढंच? मला वाटलं होतं, गळ्यात पडशील."

"हात चिकट आहेत."

बुर्गानं दाराच्या चौकटीला खांदा टेकला.

"हे बघ, माझ्यावर तोंड फुगवू नकोस. एंगेलबर्ट स्वतः म्हणाला, बांधा."

"माझ्या सासऱ्यांची गाय वीज पडून गेली होती बघ. तेव्हा तेही म्हणाले होते, बांधा."

"मग?"

"मग काय. नाही बांधली कुणी."

कढईत तूप चुरचुरलं. हेडविगनं कांदा टाकला.

"तेव्हा बसभर माणसं यायची नाहीत," बुर्गा म्हणाली. "मी यांना काय दाखवू? शेपट्या?"

"तुला मी काही म्हटलं का?"

"म्हटलं नाहीस, तेच तर."

"बुर्गा, वाढायचंय मला. बाजूला हो."

बुर्गा बाहेर आली. खाणावळीमागे उभी राहून तिनं फोन हातात घेतला. अजून वेळ होता. गुरं डोंगरातल्या बोगद्याच्या पलीकडेच असतील. फुलं उतरवायला कितीसा वेळ लागतो? मेनराडला एक शब्द पुरला असता, आणि तो जणू त्याच शब्दाची वाट बघत असणार, हे तिला कळत होतं. तिनं नाव शोधलं. अंगठा त्या नावावर ठेवला.

"बाई," मागून एक उंच डच बाई आली, "चांगला फोटो यायला कुठे उभं राहावं?"

बुर्गानं फोन खिशात टाकला.

"चला, मी दाखवते," ती म्हणाली. "माझ्यासारखी जागा दुसरी कुणी दाखवणार नाही तुम्हांला."

जागा खरंच उत्तम होती. चर्चच्या खालचं वळण. वरून येणारी वाट सबंध दिसते आणि खाली ऱ्हाइनचं खोरं पसरलेलं. दर वर्षी इथे पाय ठेवायला जागा नसते. म्हातारे बाकांवर, बाया मुलांना खांद्यावर घेऊन, तरुण हातात बिअर घेऊन भिंतीवर. प्रत्येक गाईची ओळख पटली की तिच्या मालकाची खेचायची, ही रीत. "अरे, तुझी गाय तुझ्यापेक्षा बरी चालते." बुर्गानं आयुष्यभर ही बोलणी दुसऱ्यांना ऐकवली होती. आज स्वतःच्या नावाची ऐकायला मिळणार म्हणून सकाळपासून तिचे कान आसुसले होते.

वळणावर कुणी नव्हतं.

बाक रिकामे होते. खाली ओळीनं घरं, त्यांच्या खिडक्या लावलेल्या. एका घरात पडदा हलला आणि परत स्थिर झाला. दुकानाची फळी अर्धी ओढलेली. फ्रीडोलिन बस लावून चाकाशी उगाचच वाकून बसला होता.

"किती छान," ती डच बाई म्हणाली. "मला वाटलं होतं, मुंगीला शिरायला जागा नसेल. गर्दीच नाही."

"हो," बुर्गा म्हणाली. "आज जागा आहे."

आधी घंटा ऐकू आल्या. मग वरच्या वाटेवर पहिल्या गाई दिसल्या. डोक्यावर फुलांचे, सोनेरी कागदाचे, फितींचे मुकुट, एवढे उंच की मान हलली की सबंध ताटवा हलावा. मेनराडनं काम चोख केलं होतं. त्यात त्यानं सूड उगवला नव्हता. सर्वांत पुढे फ्लोरा होती. करड्या कपाळावर लाल बदाम, आणि त्याला लोंबणाऱ्या फिती तिच्या नाकापर्यंत येत होत्या. देखणी दिसत होती फ्लोरा. बापानं हे पाहायला हवं होतं, असं बुर्गाला वाटलं. आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, बरं झालं नाही पाहिलं. तो असता तर तोही आज घरातच बसला असता, खिडकी लावून.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणी शीळ घातली. मेनराड काठी घेऊन बाजूनं चालत होता. बुर्गाजवळून जाताना त्यानं टोपीला हात लावला, पण पाहिलं गाईंकडे.

एवढ्यात खालच्या गल्लीतून एंगेलबर्ट वर आला. एकटाच. रविवारचा कोट घातलेला, दाढी केलेली, बूट पुसलेले. सबंध गावातून तेवढाच एक. तो बुर्गाशेजारी येऊन उभा राहिला आणि त्यानं हात पाठीमागे बांधले.

"चांगली दिसते," तो म्हणाला.

"एंगेलबर्ट, तू म्हणालास म्हणून मी..."

"हो. मी म्हणालो."

त्याच्या आवाजात राग असता तर बुर्गानं त्याला राग परत दिला असता. त्यात ती कुणाला हार जाणारी नव्हती. पण राग नव्हताच. भल्या माणसानं भली रीत पाळली होती, आणि तिनं तो शब्द दुकानातली वस्तू उचलावी तसा उचलून घरी नेला होता. बुर्गाला लाज वाटली. मानेपासून कानांपर्यंत चढलेली लाज.

फ्लोरानं मालकिणीला ओळखलं. रांग सोडून ती सरळ बुर्गापुढे येऊन थांबली आणि फुरफुरली. उतारावर हिसके बसून बदाम एका डोळ्यावर सरकला होता. मालकानं पुढे होऊन तो नीट करायचा असतो. बुर्गाला ते माहीत होतं. तिचा हात काही उचलेना.

एंगेलबर्टनं क्षणभर वाट पाहिली. मग तो पुढे झाला. त्यानं फ्लोराच्या शिंगांमागची फीत सोडली, बदाम मधोमध आणला आणि परत गाठ मारली. सवयीच्या हातांनी, न चुकता. झाल्यावर त्यानं तिच्या मानेवर थाप दिली आणि हात तिथेच राहू दिला.

डच बाई कॅमेरा सावरत पुढे आली.

"मालक हेच का?"

बुर्गा दिवसभर जशी बोलत होती तशा खणखणीत आवाजात म्हणाली, "हेच. आमच्या गावातली सगळ्यांत चांगली गाय यांच्याकडेच असते."

एंगेलबर्टनं तिच्याकडे पाहिलं. दर वर्षी उभा राहायचा तसाच तो फ्लोराशेजारी ताठ उभा राहिला, हनुवटी वर, नजर कॅमेऱ्यात. बाईनं एक फोटो काढला, मग आणखी एक. बाकीचेही पुढे आले. त्यानं सगळ्यांना काढू दिले.

शेवटचा फोटो झाल्यावर त्यानं फ्लोराच्या गळ्याभोवती गुंडाळलेलं दावं सोडवून बुर्गाच्या हातात दिलं.

"धर," तो म्हणाला. "धारेची वेळ झाली. कास तटलीय बिचारीची."

बुर्गानं दावं धरलं. पाहुण्यांकडे फ्रीडोलिन बघेल, एवढं तिच्या मनात येऊन गेलं. मग ती मान खाली घालून फ्लोराला घेऊन बंद खिडक्यांमधून घराकडे चालू लागली. मागे टाळ्या अजून चालूच होत्या.