गॅझिबोतला झोपाळा

सत्यजितला एक वाईट खोड होती. कपाट घरी येवो नाहीतर खुर्ची, खोक्यातलं माहितीपुस्तक तो सगळ्यात आधी बाजूला भिरकावायचा. "यार, मी इंजिनियर आहे, खुर्ची जोडायला मला चित्रं कशाला हवीत?" आणि शेवटी चार स्क्रू उरले की ते निमूट डब्यात टाकायचा. कंपनीनेच जास्तीचे दिले म्हणे! आता बोला.

अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनोच्या घरामागे गॅझिबो उभा करतानाही त्याने तेच केलं. निमित्त होतं त्याच्या बायकोच्या, सावनीच्या डोहाळजेवणाचं. तिच्या सासूबाई, म्हणजे नीलाताई, नाशिकहून येताना झोपाळ्याच्या चार जडशीळ पितळी कड्या साडीत गुंडाळून घेऊन आल्या होत्या. त्यांच्या घरातल्या प्रत्येक सुनेची ओटी झोपाळ्यावरच भरली गेली होती. इथल्या घराच्या पोकळ छताला झोपाळा टांगणार कुठे? "आई, गॅझिबोलाच टांगू की," सत्यजित म्हणाला आणि दोन वीकएंडमध्ये गॅझिबो उभा राहिला. चार खांब, वर लाकडी छप्पर, दिसायला अगदी झोकदार.

ते भिरकावलेलं पुस्तक सावनीने वाचलं. तिची नोकरीच सॉफ्टवेअरमधल्या चुका हुडकायची होती. छप्पर फक्त सावलीपुरतं आहे, तुळईला काहीही टांगू नका आणि प्रत्येक खांब काँक्रीटमध्ये बोल्टने आवळा, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. खांब तर फरशीवर नुसतेच उभे होते!

"बोल्ट मारू गं नंतर. त्याला वेगळं ड्रिल भाड्याने आणावं लागतं," सत्यजित म्हणाला. "एवढं वजनदार लाकूड, उडून कुठे जाणार आहे?"

"पण झोपाळा हलणार ना?"

"सावनी, तुला आता प्रत्येक गोष्टीची भीती वाटते. मनाचे खेळ आहेत हे."

मनाचे खेळ. दोन वर्षांपूर्वीही ती म्हणाली होती, पोटातलं बाळ हलत नाहीये, आत्ताच दवाखान्यात जाऊ. तेव्हाही सगळे हेच म्हणाले होते. शांत झोप, सकाळी बघू. तिने शहाण्या मुलीसारखं ऐकलं होतं. आणि सकाळी बघायला काही उरलंच नव्हतं. त्यानंतर तिचा स्वतःवरचा विश्वासच उडाला होता. खरी भीती कुठली आणि उगाचची कुठली, हे तिला कळेनासं झालं होतं. म्हणून तिने ते पुस्तक मिटलं आणि विषय सोडला.

मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी हिरवी साडी नेसून, शेवंतीच्या फुलांचे दागिने घालून सावनी झोपाळ्यावर बसली. सातवा महिना. झोपाळा घराकडच्या तुळईला टांगला होता. तिच्यासमोर दहा-बारा बायका गोळा झालेल्या, आणि त्यांच्या पाठीमागे बागेकडचे दोन खांब. विनीता, तिची ऑफिसातली मैत्रीण, झोपाळ्याला झोके देत होती. गाणी म्हणून झाली, झाकलेल्या वाट्या पुढे आल्या, सावनीने एक उचलली आणि आतून बर्फी निघाली. "मुलगी! मुलगी!" असा एकच गलका झाला.

तेवढ्यात झोपाळा मागे गेला आणि सावनीला समोरच्या खांबाखालून ऊन दिसलं.

बारीकशी फट होती. झोपाळा पुढे आला तशी ती मिटली. मागे गेला, पुन्हा उघडली. खांब पाय उचलत होता! बायका सगळ्या तिच्याकडे तोंड करून उभ्या, खांबांकडे प्रत्येकीची पाठ. ते दिसत होतं फक्त तिला एकटीला. की तिलाच तसं वाटत होतं? वर तुळई कुरकुरली. तो आवाज खरा होता का? अरे देवा, खरा होता ना?

"विनीता, थांबव. मला उतरायचंय."

"अगं, आत्ता तर कुठे बसलीस!"

"ओटी अर्धवट टाकून उठू नये हं," नीलाताई सूप सावरत पुढे आल्या. "अपशकुन असतो, बाळा. एवढा नारळ घे आणि मग ऊठ."

सावनीने पाय जमिनीला टेकवले. उठलं तर अपशकुन, बसलं तर छप्पर डोक्यावर. आणि आपण चुकत असलो तर? या सगळ्यांसमोर वेडी ठरायचं? पोटात बाळाने ढुशी दिली. मागच्या बाळाने ढुशी देणं थांबवलं तेव्हा मी झोपले होते, तिच्या मनात आलं. आणि ती सरळ उठून उभी राहिली.

भांडून कोणी बाहेर येणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण फोटोला नाही म्हणणारी बाई अजून जन्मायची आहे.

"सगळ्या हिरवळीवर चला, ग्रुप फोटो!" ती ओरडली. "आई, तुम्हीही. सूप घेऊन या."

साड्या सावरत, केस नीट करत सगळ्या बाहेर आल्या. मग तिने सत्यजितला बोलावलं. "तू बस झोपाळ्यावर. पाय टेकवून अगदी हळू मागे रेल आणि समोरचा खांब बघ."

"अगोबाई, आता बापाचं डोहाळजेवण का?" विनीता म्हणाली. हशा पिकला.

सत्यजितला मात्र राग आला. चारचौघांत बायकोने आपल्या कामात खोट काढावी! तो धपकन बसला. "बघ, काही होतंय का!" म्हणत त्याने दोन्ही पायांनी जोरात रेटा दिला.

झोपाळा मागे गेला. बागेकडचे दोन्ही खांब वीतभर वर उचलले गेले, आणि या वेळी ते त्यालाही दिसलं. सावनी किंचाळली, "उडी मार!" झोपाळा पुढे आला तशी त्याने उडी टाकली आणि धडपडत हिरवळ गाठली. मागे अख्खा गॅझिबो कलला आणि कडकडत फरशीवर आडवा झाला.

धूळ खाली बसली. झोपाळ्याची फळी दुभंगली होती, आणि जिथे सावनी बसली होती तिथेच तुळई पडली होती.

नीलाताईंनी सुपातला नारळ उचलला. तिथेच गवतात सावनीसमोर बसून त्यांनी तिची ओटी भरली. "उठलीस ते बरं केलंस गं," एवढंच त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या.

कोपर खरचटलेला सत्यजित सावनीच्या पायाशी बसून होता. त्याने एकदा त्या तुळईकडे बघितलं. मग खालमानेने म्हणाला, "मागच्या वेळीही तू सांगितलं होतंस."

दोन वर्षं हे वाक्य कोणीतरी म्हणावं म्हणून ती थांबली होती. ओटीतला नारळ पोटाशी घट्ट धरून सावनी हमसून हमसून रडली.